ड्रमर नसलेल्या घरातले ड्रम्स

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्याचं बाकी बरंच जमून जातं. गळा स्वतःचा असतो, गिटार किंवा पेटी हाताशी असते, बास कीबोर्डवर वाजवता येतो. अडतं ते ड्रम्सपाशी. ड्रमसेट मोकळेपणाने वाजवला की जवळपासचा आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या घरात तो वाजवण्याचा विचारही करता येत नाही. शेजारी समंजस असले, तरी किक, स्नेअर, हाय-हॅट, टॉम आणि वरचे सिंबल टिपायला सहा-आठ माइक, तेवढे माइक एकाच वेळी घेणारा इंटरफेस आणि आवाज फार न घुमवणारी खोली लागते. तालुक्याच्या गावी तर ड्रमसेट वाजवणारा माणूस सापडणंच कठीण.

म्हणून घरी रेकॉर्डिंग करणारे बहुतेक जण ड्रमरवाचून ड्रम्स करतात, आणि त्यासाठी आज मार्गांची वाण नाही. ड्रम मशीन आहे, तयार लूप आहेत, खऱ्या ड्रम्सचे नमुने भरलेली सॉफ्टवेअर आहेत, पॅड आहेत, आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे. हे सगळे मार्ग नीट पाहिले, की आवाजाचा प्रश्न केव्हाच सुटला आहे हे कळतं. फुकट मिळणाऱ्या किटमधला स्नेअरसुद्धा बऱ्यापैकी स्टुडिओत टिपलेला असतो. उणीव राहते ती हाताची, म्हणजे गाणं ऐकत ऐकत वाजवणाऱ्या माणसाची. तेव्हा प्रत्येक मार्गाला एकच प्रश्न विचारून पाहू : यात हात कुणाचा आहे, आणि गाणं पुरं होईपर्यंत त्यातला किती शिल्लक राहतो?

आपोआप ताल धरणारी यंत्रं मुळात घरासाठीच निघाली. १९५९ साली अमेरिकेतल्या वुर्लित्झर कंपनीने ‘साइड मॅन’ आणलं. दिवाणखान्यात ऑर्गन वाजवणाऱ्याच्या शेजारी ठेवायचं लाकडी खोकं, आत फिरणारी यंत्रणा आणि वॉल्ट्झ, रुंबा असे ठरीव ताल. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७ साली ‘ऱ्हिदम एस’ काढलं. याच काकेहाशींनी १९७२ साली रोलँड ही कंपनी सुरू केली. या यंत्रांचा आवाज ड्रमसेटसारखा मुळीच नव्हता. टिकटिक, फुसफुस आणि ठक्क. पण स्ली स्टोनने १९७१ सालच्या ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ या अल्बममध्ये ‘मॅस्ट्रो ऱ्हिदम किंग’ हे असलंच यंत्र वापरलं. त्याने त्याला ड्रमर असल्याचं सोंग घ्यायला लावलं नाही. यंत्राचा कोरडा, न थकणारा ठेका तसाच ठेवला आणि त्यावर बास आणि गळा सैल सोडला. तो अल्बम आजही अंगावर येतो.

पुढे १९८० साली दोन यंत्रं आली आणि दोन वेगळे रस्ते फुटले. रॉजर लिन यांच्या एलएम-१मध्ये खऱ्या ड्रम्सचे डिजिटल नमुने होते. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात, म्हणजे ते मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारं. त्यात किक होती, स्नेअर होता, टॉम होते, टाळीसुद्धा होती. पण क्रॅश आणि राइड हे सिंबल नव्हते. सिंबलचा आवाज कित्येक सेकंद विरत राहतो, आणि तेवढा वेळ साठवून ठेवायची मेमरी तेव्हा फार महाग होती. हा तपशील घरच्या संगीतकाराने ध्यानात ठेवावा. मेमरीचा प्रश्न आज उरला नाही, पण प्रोग्राम केलेल्या ड्रम्सचं बिंग अजूनही सगळ्यांत आधी सिंबलवरच फुटतं. खरा ड्रमर सिंबलला प्रत्येक वेळी किंचित वेगळ्या जागी मारतो, आणि आधीच्या फटक्याने तो हलत असतो. नमुना मात्र दर वेळी स्थिर सिंबलवरच पडतो.

त्याच साली आलेलं रोलँडचं टीआर-८०८ नमुने वापरत नव्हतं. त्याचा प्रत्येक आवाज विजेच्या मंडलातून घडवलेला होता. खऱ्या ड्रम्सची सर येत नाही म्हणून ते मागे पडलं आणि १९८३पर्यंत त्याचं उत्पादन थांबलंही. पण त्याआधीच १९८२ साली मार्विन गे यांच्या ‘सेक्शुअल हीलिंग’मध्ये ते वाजलं होतं, आणि पुढे जुन्या बाजारात स्वस्त झालेली हीच यंत्रं हिप-हॉपवाल्यांच्या हाती पडली. मुंबईत चरणजित सिंग यांनीही या यंत्राची ताकद जोखली होती. चित्रपटसंगीतात बास गिटार आणि कळफलकाची वाद्यं वाजवणारा हा वादक. त्यांनी ८०८, रोलँडचंच टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घरी एकमेकांना जोडून पाहिले, त्यावर राग वाजवून पाहिले, आणि १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या क्लब-संगीताच्या जाणकारांना धक्का बसला : शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसची आठवण करून देणारं काहीतरी त्याच्या काही वर्षं आधी मुंबईत झालं होतं.

ड्रमर नसण्यावर माझ्या मते हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. गाण्याला यंत्र शोभत असेल, तर यंत्राला यंत्रासारखं वाजू द्यावं. ठोके नेमके रेघेवर, सगळे सारख्या जोराचे, आणि माणूस वाटावं म्हणून काहीही न करता. हात गाण्याचाच असतो. ताल त्याला टेकायला भिंत पुरवतो. फिल कॉलिन्सने १९८१ साली ‘इन द एअर टुनाइट’मध्ये तर दोन्ही साधलं. गाण्याचा बराचसा भाग रोलँड सीआर-७८च्या बारीक ठेक्यावर चालतो, आणि तीन मिनिटं उलटून गेल्यावर खरे ड्रम्स एकदम आत येतात. ही रचना घरच्या गाण्याला फार उपयोगी आहे : मुखडा आणि पहिला अंतरा मशीनवर, किट शेवटच्या भागापुरतं. किट थोडाच वेळ असल्यामुळे त्यावर मेहनतही नीट घेता येते.

अडचण सुरू होते ती यंत्राने माणसाची जागा घ्यावी असं आपण ठरवतो तेव्हा.

लूपचा मार्ग त्यातला सगळ्यांत सोपा. खऱ्या ड्रमरने वाजवलेले दोन-चार बार घ्यायचे आणि एकापुढे एक ठेवायचे. इथे हात खराच असतो, पण तो दुसऱ्याच गाण्यासाठी वाजलेला असतो. लूपचा सारा इतिहास उसन्या हातांचा आहे. ‘द विन्स्टन्स’च्या १९६९ सालच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी चार बारचा, सात सेकंदांच्या आसपासचा, एकट्या ड्रम्सचा तुकडा वाजवला. पुढच्या दशकांत तो हिप-हॉप आणि जंगल संगीतातल्या हजारो ध्वनिमुद्रणांत उचलला गेला. त्यातून कोलमन यांना काही मिळालं नाही. ते २००६ साली हलाखीत वारले. हे वाचून मन खट्टू होतं, आणि व्हावंच. आज परवान्यासकट विकत किंवा फुकट मिळणारे लूप आहेत. ते वापरताना परवाना वाचून जपून ठेवावा, कारण तोच लूप शेकडो गाण्यांत असतो आणि यूट्यूबची आपोआप चालणारी तपासणी तुमच्या गाण्यावर भलत्याच कुणाचा हक्क सांगू शकते.

लूपचा वेग ताणून बदलता येतो, पण मूळ वेगाच्या फार दूर नेला की सिंबल चिखलासारखे ऐकू येतात. एका गाण्यात एकाच ध्वनिमुद्रणातले लूप घ्यावेत. दोन वेगळ्या खोल्यांतले ड्रम्स एकापुढे एक आले की कानाला लगेच खटकतं. आणि लूप कापायला घाबरू नये. गायकाने ओळ जिथे सोडली तिथे अर्धा बार रिकामा ठेवला, किंवा किकचा एक ठोका काढून टाकला, की उसना हात थोडा तरी आपल्या गाण्याकडे वळतो.

मग येतात नमुन्यांची मोठी सॉफ्टवेअर. स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीचं ‘सुपीरियर ड्रमर ३’ २०१७ साली आलं. जॉर्ज मॅसनबर्ग यांनी बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत टिपलेले त्याचे मूळ आवाज २३० जीबीच्या आसपास भरतात. एकेका स्नेअरचे हळू ते जोरदार असे कितीतरी थर, शिवाय प्रत्येक थराचे अनेक पर्याय. त्यामुळे तोच नमुना लागोपाठ वाजून होणारा बंदुकीच्या फैरीसारखा आवाज टळतो. दुसऱ्या टोकाला ‘एमटी पॉवर ड्रमकिट’सारखं फुकटचं प्लग-इन आहे, मॅक आणि आयफोनवर गॅरेजबँड आहे, अँड्रॉइडवर आणि ब्राउझरमध्ये बँडलॅब आहे, लिनक्सवाल्यांसाठी हायड्रोजन आहे. पहिली काही गाणी तरी या फुकटच्या साधनांवर करावीत असं मी ठामपणे सांगेन. महाग लायब्ररीने आवाज सुधारतो, वाजवणं सुधारत नाही. आणि पॅटर्नच चुकलेला असेल, तर उत्तम टिपलेला स्नेअर ती चूक आणखी ठळक करतो.

वाजवणं सुधारायचं ते मिडीमध्ये, म्हणजे आवाजाऐवजी नुसत्या वाजवण्याच्या सूचना साठवणाऱ्या पद्धतीत. मिडीत प्रत्येक ठोक्याचा जोर म्हणजे व्हेलॉसिटी १ ते १२७मध्ये मोजतात. नवखा माणूस माउसने ठोके टाकतो आणि सगळे शंभरवर राहतात. प्रत्यक्षात स्नेअरचा मुख्य ठोका ११०वर असेल, तर त्याच्या अधूनमधून येणारे दबके ठोके पंचवीस-तीसवर असायला हवेत, म्हणजे ऐकू न येता नुसते जाणवतील इतकेच. हाय-हॅटवर सगळ्यांत जास्त वेळ घालवावा. मोजून नव्हे, तोंडाने म्हणत : जोर, हलका, मध्यम, हलका. दोन बार नीट झाले म्हणून तेच पुढे चिकटवू नयेत, कारण हाय-हॅट गाण्यात जवळजवळ सतत असतो आणि कान त्याची नक्कल फार लवकर ओळखतो.

शरीराचाही हिशेब ठेवावा लागतो. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात. टॉमवर रोल चालू असताना उजव्या हाताचा हाय-हॅट थांबलेला असतो. क्रॅश एकटा सहसा वाजत नाही, त्याच्याखाली किक किंवा स्नेअर असतो. उघडा हाय-हॅट पायाने मिटतो, आणि मिटताना त्याचा आवाज कापला जातो. हे नियम मोडले की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं. प्रत्येक रोल टाकण्याआधी हवेत हात फिरवून पाहावा. तीन हात लागत असतील, तर एक ठोका काढावा.

राहिला वेळेचा प्रश्न. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ठोके मुद्दाम थोडे मागेपुढे सरकवणारं ‘ह्युमनाइझ’ बटण असतं. ते दाबलं की ठोके कसेही विस्कटतात, आणि माणसाची लय काही तशी नसते. २०१५ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी मायकेल मॅकडोनाल्डच्या १९८२ सालच्या ‘आय कीप फर्गेटिन’ या गाण्यातला जेफ पोर्कारोचा हाय-हॅट ठोक्याठोक्याने मोजला. एका हाताने वाजवलेल्या त्या सोळाव्या भागांच्या ठोक्यांत फरक होते, पण ते एकमेकांशी बांधलेले होते : आत्ताचा थोडा पुढे गेलेला ठोका पुढच्या बराच काळच्या ठोक्यांवर सावली टाकतो, आणि शिवाय दोन बारांचा एक आकृतिबंध वेळेत आणि जोरात पुन्हा पुन्हा येतो. त्याआधी २०११ साली दुसऱ्या एका अभ्यासात असे एकमेकांशी जोडलेले फरक असलेलं संगीत आणि नुसते यादृच्छिक फरक असलेलं संगीत लोकांना ऐकवलं, तेव्हा त्यांना जोडलेले फरक जास्त आवडले.

याचा घरी उपयोग असा. मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगात सोळावा भाग सुमारे १६७ मिलिसेकंदांचा असतो. स्नेअरचे सगळे मुख्य ठोके दहा-बारा मिलिसेकंद मागे सरकवले, तर गाणं निवांत होतं. थोडे पुढे ओढले तर घाई जाणवते. काय करायचं ते एकदा ठरवावं आणि सगळीकडे तेच पाळावं. अंतऱ्यात मागे, शेवटच्या मुखड्यात थोडं पुढे, असा बदल विभागवार चालतो. ठोक्याठोक्याला फासे टाकू नयेत. रॉजर लिन यांनी आपल्या यंत्रांत आणि पुढे एकाई एमपीसी-६०मध्ये दर दुसरा सोळावा भाग थोडा उशिरा आणणारं ‘स्विंग’ दिलं, तेही याच अर्थाने टिकलं : उशीर ठरलेला आणि सातत्याचा.

आता आपल्याकडच्या एका मोठ्या अडचणीकडे येतो. ही सॉफ्टवेअर आणि त्यांतले तयार पॅटर्न रॉक, फंक, पॉप या चौकटीत घडले आहेत : चार मोजायचे, स्नेअर दोन आणि चारवर. मराठी गाणी मात्र बहुधा केरवा, दादरा, भजनी, रूपक यांच्या अंगाने सुचतात, चाल करणाऱ्याने तबला कधी हातात धरला नसला तरी. केरव्याचा ठेका पाहा : धा गे ना ती न क धी न. बायां, म्हणजे डग्गा, पहिल्या-दुसऱ्या मात्रेवर बोलतो आणि मग थेट सातव्या ‘धी’वर. आठ मात्रांवर रॉकचा साधा बीट ठेवला, की स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो. म्हणजे जिथे बायां घुमायला हवा, नेमका तिथे कोरडा ठोका पडतो, आणि चालीचा डोल जातो. किक पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर ठेवून, सातवीवरचा स्नेअर काढून किंवा अगदी हलका करून पाहा; तीच चाल पुन्हा चालू लागते.

रूपकाची गोष्ट याहून नाजूक. तीं तीं ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि समेवरच खाली. बाकीच्या तालांत समेला बायां असतो, इथे तो मुद्दाम नसतो. सॉफ्टवेअरमध्ये सातचं माप लावून पहिल्या मात्रेवर सवयीने किक टाकली, की रूपक संपला. उरते ती सातची कवायत. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, पहिल्या तीन मात्रांवर फक्त हाय-हॅट किंवा रिमचा हलका टकटक आवाज, एवढ्यावर गाणं उभं राहतं. दादऱ्याला सहाचं माप आणि तिनाची विभागणी लावली की बरंचसं जमतं. मात्र खालीच्या तीन मात्रांत किक ठेवू नये. बोल तोंडाने म्हणता येणं ही इथल्या माणसाकडे असलेली मोठी पुंजी आहे. माउस हातात घ्यायच्या आधी पूर्ण गाण्याचा ठेका फोनवर तोंडाने म्हणून रेकॉर्ड करावा, गाण्यासोबत, जागच्या जागी सुचलेल्या उठानासकट. मग ते ऐकून ठोके बसवावेत. जोर कुठे, विश्रांती कुठे, भरायचं कुठे, हे सगळं त्या तोंडच्या बोलांत आधीच आलेलं असतं. सुगम संगीतात तबलजी ओळीच्या मध्ये गप्प राहतो आणि ओळ संपली की लग्गी घेतो. ड्रम्सचा रोलही तिथेच शोभतो. दर चार बारांनी हिशेबाने येणारा रोल गायकाच्या शब्दावर पाय देतो.

तरी माउस तो माउसच. हात हवा असेल, तर तो या राज्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ साली आला; आठ पॅड, काठीने वाजवायचे. आपल्याकडे त्याला ऑक्टोपॅड म्हणतात आणि ऑर्केस्ट्रापासून वरातीच्या बँजो पार्टीपर्यंत, गणपतीच्या मंडपापासून जागरणापर्यंत तो पोहोचला आहे. ज्या गावात ड्रमसेट नाही, तिथे ऑक्टोपॅडवाला असतो. त्याच्याकडे वर्षानुवर्षं गायकाच्या तोंडाकडे बघत वाजवलेला हात असतो, आणि ढोलकी, हलगी, ताशा यांचे ठेके त्याला झोपेतही येतात. घरी रेकॉर्डिंग करणारे या माणसाकडे का जात नाहीत, हे मला नीट उमगत नाही. कदाचित पॅडमधले आवाज कार्यक्रमाचे वाटतात म्हणून. पण पॅडला मिडी बाहेर काढायची सोय असते. आवाज रेकॉर्ड करूच नका, मिडी रेकॉर्ड करा : हात त्याचा, आवाज तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या किटचा.

थोडी तयारी करावी लागते. जनरल मिडीच्या १९९१ सालच्या मानकाप्रमाणे किकचा क्रमांक ३६, स्नेअरचा ३८, मिटलेल्या हाय-हॅटचा ४२ आणि उघड्याचा ४६. पॅडवरचे क्रमांक आधी याच्याशी जुळवून घ्यावेत, नाहीतर वादक स्नेअर मारतो आणि ऐकू येतो टॉम. जमल्यास किकसाठी पायाचं पेडल जोडावं, म्हणजे हात मोकळे राहतात. वादकाला गाणं आदल्या दिवशीच ऐकायला द्यावं. मग गायनासकट संपूर्ण गाणं सलग दोन-तीनदा वाजवू द्यावं, मध्ये न थांबवता. त्यातलं एक पूर्ण वादन निवडावं आणि फक्त उघड चुकलेले ठोके सरळ करावेत. सगळं निवडून ठोके रेघेवर ओढणारं क्वांटाइझ दाबलं, तर त्या माणसाला बोलावण्यात अर्थच उरला नाही. त्याचं मानधन आधी ठरवावं आणि गाण्याच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव घालावं.

पॅड स्वतः बोटांनी वाजवायचे असले, तर एक खबरदारी. ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवावेत. त्यातून आवाज येईपर्यंत मिलिसेकंदांचं शतक सहज उलटून जातं आणि हात त्यामागे धावत राहतो. तारेचा हेडफोन, छोटा बफर, आणि एका वेळी एकच गोष्ट : आधी किक-स्नेअर, मग हाय-हॅट, मग क्रॅश.

प्रोग्राम केलेल्या ट्रॅकवर एखादं खरं वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने वाजवून टाकणं, हा सगळ्यांत स्वस्त आणि हमखास उपाय. खंजिरी, चिपळ्या, झांज, घुंगरू, तांदूळ भरलेली डबी, काहीही चालेल. ती फार जोरात वाजत नाहीत, एका माइकवर टिपता येतात, आणि मऊ कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर उभं राहिलं की खोलीचा आवाजही आवरतो. पूर्ण गाणं थकवा येईपर्यंत वाजवावं. शेवटच्या मुखड्यात हात थोडा जड होतो, तोच जडपणा हवा असतो. मागची किक रेघेवर असली, तरी कान या हलत्या चिपळ्यांच्या मागे जातो आणि सगळा ताफा माणसांचा वाटू लागतो.

क्लिकबद्दलही, म्हणजे ठरलेल्या वेगाने वाजणाऱ्या टिकटिकीबद्दलही, आधी विचार व्हावा. भावगीताच्या अंगाच्या चालीत गायक एखाद्या शब्दावर रेंगाळतो. आधी क्लिक लावून मग गायला बसवलं, तर ते रेंगाळणं मरतं. उलट क्रम घ्यावा : गिटार आणि गळा क्लिकशिवाय, पूर्ण मनाने, मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बारची सुरुवात कानाने खूण करून टेम्पोचा नकाशा काढावा, आणि ड्रम्स त्या नकाशावर बसवावेत. काम किचकट आहे, संध्याकाळ जाते. पण मग ड्रम्स गाण्याच्या मागून चालतात, आणि तबल्याच्या साथीत आपण हेच अपेक्षित धरतो. नाचाच्या गाण्याला याची गरज नाही. तिथे क्लिक ठेवून मुखड्याचा वेग मिनिटाला एखाद-दोन ठोक्यांनी वाढवला तरी पुरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडक्यातच, कारण तिथलं चित्र दर महिन्याला बदलतं आहे. ॲपलने २०१३ साली लॉजिकमध्ये आणि गॅरेजबँडमध्ये ‘ड्रमर’ दिला. गाण्याचे भाग सांगितले की तो पॅटर्न आणि रोल स्वतः रचतो, आणि तो बरा साथीदार आहे. गूगलच्या मॅजेंटा प्रकल्पाने २०१९ साली ‘ग्रूव्ह मिडी डेटासेट’ खुला केला : दहा ड्रमरांनी इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवलेले १३.६ तास. सपाट पॅटर्नला माणसाची लय देणारी त्या प्रकल्पाची साधनं या वादनावर शिकली आहेत. म्हणजे यंत्राला जी ऐट येते ती त्या दहा जणांची. त्यात केरवा नाही, लावणीची ढोलकी नाही. आपल्या ठेक्यांसाठी असा साठा व्हायचा असेल, तर तो इथल्या वादकांना योग्य मोबदला देऊनच व्हावा.

मिश्रणात दोन गोष्टी पुरेत. बहुतेक लोक गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकतात आणि तिथे किकचा खालचा घुमार जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणून किकला दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा टकोरा थोडा द्यावा, नाहीतर रूपकातली चौथी मात्रा फोनवर नाहीशीच होते. आणि किटच्या सगळ्या तुकड्यांना एकाच खोलीचा रिव्हर्ब द्यावा.

ड्रम्स नकोतच, असा निर्णयही याच प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी टॅस्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी टिपली. ती बँडसाठी नमुना म्हणून होती. मॅक्स वाइनबर्गसारखा ड्रमर हाताशी असताना, बँडबरोबर वाजवून पाहिल्यावरही कॅसेटवरचंच खरं वाटलं, आणि ‘नेब्रास्का’ हा अल्बम ड्रम्सशिवाय तसाच निघाला. घरी गाणं करणाऱ्याने ड्रम्सचा ट्रॅक बंद करून गाणं एकदा तरी ऐकावं. नुसत्या गिटारच्या हाताने लय धरली असेल, तर ड्रम्स कशासाठी हवेत हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

आणि हवेच असतील, पैसे थोडे बाजूला असतील, तर दूरच्या ड्रमरला फाइल पाठवून वाजवून घेता येतं. स्वतःची खोली आणि माइक असलेले अनेक वादक आता असंच काम करतात. त्याला टेम्पोच्या नकाशासकट प्रकल्प द्यावा, गळा आणि गिटार वेगवेगळ्या ट्रॅकवर द्यावेत, चाल कोणत्या तालाच्या अंगाने आहे ते बोलांसकट म्हणून पाठवावं. प्रत्येक माइकची वेगळी फाइल आणि दोन पूर्ण वादनं मागावीत. आपण केलेला ड्रम्सचा ट्रॅक निराळा जोडावा, गाण्यात मिसळून नव्हे. तो ऐकून वाजवायचं की ऐकण्याआधी वाजवायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.